दिवसाचं भाडं

वहीत नोंद होती : यारोस्लावा. माणसं, एक.
मी बर्फ भरला, गाद्यांवर पांढरे पंचे अंथरले,
फेसाळ वाइनची बाटली बर्फात आडवी निजवली,
आणि मायोरीच्या धक्क्यावर उभा राहून
मनातल्या मनात इंग्रजी घासूनपुसून ठेवलं,
उन्हाळाभर ठेवतो तसं.

ती आली बसनं.
खांद्याला कापडी पिशवी,
पायात इस्पितळातल्या नर्सेस घालतात तसले रबरी जोडे.
"पोरा, फळी नीट धर," म्हणाली,
आमच्याच बोलीत, तीही मासळीबाजारातल्या,
शेवटचे स्वर गिळून.
माझं इंग्रजी राहिलं तसंच, कडक इस्त्रीचं.

गादीवर बसली नाही.
मागे, इंजिनाच्या उबेला,
जिथं माझा भाचा बियाज्यो बसतो दोर सांभाळत.
मी नेहमीची पोपटपंची सुरू केली :
हा चाच्यांवर नजर ठेवायचा बुरूज,
ही डोंगरावरची लिंबं, या पायऱ्यांनी बाया
पाठीवर पन्नास-पन्नास किलो घेऊन उतरायच्या,
मुंग्या म्हणायचे त्यांना...
"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता भाव काय लिंबांना?"

दुपारी पिशवीतून पाव निघाला, उकडलेली अंडी,
कागदाच्या पुडीत मीठ.
एक अंडं सोलून माझ्या हातावर ठेवलं, विचारलं नाही.
युक्रेनहून आली तेव्हा तीन दिवस बसमध्येच होती, म्हणाली,
तेव्हाही अंडीच होती.

कोंकाचं भूशीर वळसून गेलो आणि ती उठली.
"इंजिन बंद कर."

इंजिन थांबलं की समुद्र आधी गप्प होतो,
मग एकेक आवाज परत करतो,
वाण्यानं सुटे मोजून द्यावेत तसा :
दोर. लाकूड. कपारीत पाण्याची गुळणी.

वर कड्यावर फिकट गुलाबी घर. बारा खिडक्या.
"तिसरीत बाईसाहेब. अकरा वर्षं केलं त्यांचं,
शेवटची चार तर त्यांना दिसतच नव्हतं.
रोज विचारायच्या, खालून कोण चाललंय गं?
मी सांगायची, पांढरी होडी, दोन माणसं, एक कुत्रं.
होडी नसली तरी सांगायची.
एकदा काय सुचलं कुणास ठाऊक,
म्हटलं, लाल टोपीवाली बाई आहे, तुम्हाला हात करतेय.
झालं! मग रोज लाल टोपी.
जानेवारीत, पाण्यावर चिटपाखरू नसताना,
लाल टोपी जायचीच.
नाही गेली तर गोळ्या थुंकायच्या."

पिशवीतून टोपी काढली.
नवी. किमतीची चिठ्ठी दोऱ्याला लोंबत होती,
ती दातांनी तोडली.
टोपी चढवली, उजवा हात उचलला
आणि हलवला,
निरोपाचा नव्हे,
बस थांबवायला हलवतात तसा.

तिसरीच्या झडपा बंद.
पाचवीत कुणाचा तरी पोहण्याचा पोशाख वाळत.
आठवड्याच्या भाड्यानं देतात ते घर आता, मला ठाऊक होतं,
बोललो नाही.
वीस वर्षं याच पाण्यातून जातोय मी.
मनात हिशेब लागेना :
हिच्या तोंडून कितीदा त्या खोलीत शिरलो असेन,
कुणाच्या कुत्र्यासकट.

"काचा धड पुसत नाहीत," ती म्हणाली.
"खाऱ्या वाऱ्याला व्हिनेगर लागतं.
चल. तास मोजतोयस ना?"

धक्क्यावर तिनं औषधाच्या दुकानाचं पाकीट दिलं.
पाचाच्या, दहाच्या नोटा, हातानं सरळ केलेल्या.
मी त्यातल्या थोड्या मागे सरकवल्या.
तिनं माझं मनगट धरलं, आजाऱ्याला धरतात तसं.
"पाहुणी नाही रे मी. गिऱ्हाईक आहे."

मग पावती मागितली, शिक्क्यासकट.
मग म्हणाली, "आणि ती बाटली?
तिचे पैसे धरलेत ना यात?"

साडेसहाची बस होती.
चढ चढत गेली,
पिशवीतून बाटलीची मान बाहेर,
मानेवर लाल टोपी.